आमच्या थंडीला बर्फ लागत नाही

मोबाईलवर 'विंटर अँबियंट' एवढे दोन शब्द टाका आणि काय येतं ते बघा. लाकडी घर. खिडकीबाहेर बर्फ. आत फायरप्लेस, खुर्चीवर लोकरीची शाल, टेबलावर वाफाळता मग आणि बहुतेक वेळा एक झोपलेली मांजर. व्हिडिओ आठ तासांचा, नाहीतर दहा तासांचा. वाऱ्याची मंद घूंघूं, लाकडांची तडतड आणि त्याखाली लांबवत नेलेला सिंथेसायझरचा एखादा सूर. खाली स्क्रोल केलं की त्याच घराच्या आणखी आवृत्त्या. मांजरीच्या जागी कुत्रा येतो, मगाच्या जागी पुस्तक येतं. बर्फ मात्र तोच.

हे सगळं मी जालना जिल्ह्यात बसून ऐकतो. तुम्हीही ऐकता. जालन्याच्या अभ्यासिकेत, संभाजीनगरच्या हॉस्टेलवर, पुण्यातल्या पेठेत कॉट बेसिसवर घेतलेल्या खोलीत, समोर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि कानात नॉर्वेचं हिमवादळ, अशी पोरंपोरी मला कायम दिसतात. कुणाला झोप येत नाही म्हणून, कुणाला बाजूच्या कॉटवरची बडबड नको म्हणून. त्यात गैर काही नाही. माझं भांडण ऐकणाऱ्याशी नाही, एका समजुतीशी आहे. हिवाळा म्हणजे बर्फ, बर्फ म्हणजे शांतता आणि शांतता म्हणजे आसपास दुसरं माणूस नसणं, ही ती समजूत. ती इतक्या गुपचूप कानात शिरली आहे की आपल्या हिवाळ्याला स्वतःचा आवाज आहे हेच आपण विसरत चाललोय.

आधी अँबियंट म्हणजे काय ते बघू, कारण या शब्दाचीच सगळ्यात जास्त नासाडी झाली आहे.

लक्ष देऊन ऐकण्यासाठी नसलेलं, खोलीतल्या टेबल-खुर्चीसारखं नुसतं असणारं संगीत ही कल्पना फ्रेंच संगीतकार एरिक साती याने १९१७ मध्येच मांडली होती. पण ज्याला आपण आज अँबियंट म्हणतो त्याचं बारसं केलं ब्रायन ईनोने. १९७५ मध्ये लंडनच्या रस्त्यावर त्याला टॅक्सीने उडवलं आणि तो अंथरुणाला खिळला. भेटायला आलेल्या मैत्रिणीने जाताना हार्पची एक रेकॉर्ड लावून दिली. आवाज अगदीच कमी होता, एक स्पीकर बंद होता आणि उठून आवाज वाढवण्याची ताकद याच्यात नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. पडल्यापडल्या त्याला कळलं की हार्पचे थोडे सूर आणि बाहेरचा पाऊस मिळून एकच काहीतरी ऐकू येतंय. त्यातून पुढे १९७८ चा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' आला आणि अँबियंट हे नाव रुळलं.

म्हणजे या संगीताचा जन्मच बाहेरचा आवाज आत येऊ देण्यातून झाला आहे. आणि आज आपण ते कशासाठी वापरतो? बाहेरचं काहीच आत येऊ नये म्हणून!

ईनोचं दुसरं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. १९८२ चा 'ऑन लँड' हा अल्बम. ईनो इंग्लंडच्या पूर्वेला सफक परगण्यातल्या वुडब्रिजचा. पाणथळ, सपाट, वाऱ्याचा मुलूख. या अल्बममधल्या काही तुकड्यांना त्याने थेट तिथल्या जागांची नावं दिली आहेत. शेवटच्या तुकड्याचं नाव आहे 'डनिच बीच, ऑटम १९६०'. जागा, ऋतू, साल. १९६० मध्ये तो बारा वर्षांचा होता. ज्या माणसाने हा प्रकार जगाला दिला, त्याने स्वतःच्या लहानपणच्या चिखलाचं, बेडकांचं आणि किनाऱ्याचं संगीत केलं. त्याचं अनुकरण करायचं तर जालन्याच्या माणसाने काय करायला हवं? बर्फ तर नक्कीच नाही.

आता बर्फाचंही ऐकून घेऊ, कारण बर्फाचा काही दोष नाही. गेअर येन्सन हा आर्क्टिक वर्तुळातल्या ट्रोम्स गावचा माणूस, 'बायोस्फिअर' या नावाने संगीत करतो. त्याचा १९९७ चा 'सबस्ट्राटा' ऐकला की हाडात गारवा शिरतो. जर्मन थॉमस क्योनरचा १९९३ चा 'पर्माफ्रॉस्ट' तर इतका खालच्या पट्टीत चालतो की गाणं सुरू आहे की बंद पडलंय, असा प्रश्न पडावा. इंग्लंडच्या ख्रिस वॉटसनने २००३ च्या 'वेदर रिपोर्ट'मध्ये वाद्यं जवळपास बाजूलाच ठेवली. त्यातला एक तुकडा स्कॉटलंडच्या डोंगरदरीतला, शरदातून हिवाळ्यात जाणारा. दुसरा आइसलंडच्या हिमनदीचा. बर्फ किती कुरकुरतो, कण्हतो, हे त्यात कळतं.

ही माणसं आपापल्या थंडीशी प्रामाणिक आहेत. आणि त्यांच्या संगीतातली शांतता खोटी नाही. ताज्या भुसभुशीत बर्फात हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या असतात. त्यात आवाज शिरतो आणि जिरतो. बर्फ पडून गेल्यावर गाव खरोखरच मुकं होतं. म्हणून तिकडचं हिवाळी संगीत दबकं, लोकरीत गुंडाळल्यासारखं असतं. त्यांच्या भूगोलाने त्यांना दिलेला तो सूर आहे.

पण दहा तासांचा तो व्हिडिओ यांच्याकडून आलेला नाही. त्याचं मूळ शोधायचं तर न्यूयॉर्कच्या एका टीव्ही चॅनेलकडे जावं लागतं. २४ डिसेंबर १९६६ च्या रात्री डब्ल्यूपीआयएक्स या चॅनेलने नेहमीचे कार्यक्रम आणि जाहिराती बाजूला ठेवून पडद्यावर नुसती जळणारी लाकडं दाखवली, मागे नाताळची गाणी. कारण साधं होतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या न्यूयॉर्ककरांकडे चूल-शेगडी कुठली? त्यांना निदान पडद्यावर तरी जाळ मिळावा. शहरी माणसाची ती गोड सोय होती. आज तीच सोय कॉपीची कॉपी होत होत आपल्या मोबाईलवर आली आहे. गंमत बघा, आमच्याकडे शेकोटी आहे. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आहेत, तुराट्या आहेत. तुराटी जळताना जी तडतड होते तिला तोड नाही. तरी आम्ही न्यूयॉर्कच्या फ्लॅटवाल्यासाठी केलेला जाळ इअरफोनमधून ऐकतो.

फरक नुसत्या लाकडाचा नाही. व्हिडिओतल्या जाळापाशी कुणीही बोलत नाही. आमची शेकोटी एकट्याची नसतेच. ती पारापाशी पेटते, एसटी स्टँडवर पेटते, दूध डेअरीसमोर पेटते. कापसाचा भाव, कुणाची सोयरीक, कुणाच्या बोअरला पाणी लागलं नाही, हे सगळं त्या तडतडीत मिसळलेलं असतं. ते बोलणं काढून टाकलं तर उरतो तो कचरा जाळल्याचा आवाज.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमचा हिवाळा ऐकायला कसा असतो?

इथे बर्फाच्या नेमकं उलट घडतं. दिवसा जमीन तापते, जमिनीलगतची हवा गरम असते आणि वर जावं तशी गार. गरम हवेत आवाज जास्त वेगाने धावतो. त्यामुळे आवाजाची लाट वरच्या दिशेला वळते आणि आभाळात निघून जाते. हिवाळ्याच्या रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला. आमची काळी रानं दिवसभराची ऊब झपाट्याने सोडून देतात. मग जमिनीलगतची हवा सगळ्यात गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचं पांघरूण बसतं. आता लाट वर न जाता खाली वळते आणि जमिनीला धरून लांब लांब जाते. जे आवाज उन्हाळ्यात पुढच्या शिवारातही पोचत नाहीत, ते पौषात दोन-तीन कोसांवरून येतात.

त्यांचा हिवाळा आवाज गिळतो. आमचा हिवाळा लांबचा आवाज उशाशी आणून ठेवतो. त्यांच्या थंडीचा विषय शांतता असेल, आमच्या थंडीचा विषय अंतर आहे. आणि अंतरावर कुणीतरी असतं.

कोण कोण असतं, ते ऐका. मनमाड-सिकंदराबाद लाईनवरची रेल्वे, जिचा भोंगा एरवी स्टेशनाजवळच्या वस्तीतच ऐकू येतो. जालन्याच्या एमआयडीसीतल्या स्टीलच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल, जिथे भंगार वितळून सळई होते. त्यांची घरघर इतकी अखंड आहे की क्योनरने ऐकली तर रेकॉर्डर काढेल. गोदाकाठच्या रस्त्यावर अंकुशनगरच्या कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून फुल्ल आवाजात लावलेली गाणी. तो ट्रॅक्टर दोन मैलांवरून जातो तेव्हा शब्द गळून पडतात, चाल गळून पडते, फक्त बेसचा ठोका उरतो आणि हळूहळू विरतो. कार्तिकात काकड्याचे टाळ. जिनिंगच्या मशीनचा भुसभुस आवाज. टिटवी. पिंगळ्याची किचकिच. नाथसागराच्या बाजूला राहत असाल तर पट्टकादंबांचे थवे. हे हंस हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळा काढायला येतात. बर्फाशी आमचं खरं नातं असेलच, तर ते एवढंच.

आणि या सगळ्यांच्या खाली, रात्रभर, एक सूर. पाण्याच्या मोटारीचा.

ज्यांचं शेतीशी नातं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतीपंपाला लागणारी थ्री फेज लाईट चोवीस तास नसते. पाळी असते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हिवाळ्यात रानात गहू, हरभरा, कुठे शाळू, मोसंबीच्या बागा. गव्हाला पाणी हवं तेव्हा हवंच. मग रात्री बारा-एकला लाईट आली की माणूस कानटोपी घालून, बॅटरी आणि फावडं घेऊन दारं धरायला निघतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही बराच खाली. अशा थंडीत अनवाणी पायाने गार चिखलात उभं राहून एका वाफ्याचं दारं फोडायचं आणि दुसऱ्याचं बांधायचं. पहाटेपर्यंत. विंचूकाटा, रानडुक्कर, स्टार्टरचा शॉक, हे सगळं जमेला धरून.

आमच्या घरी वडील जायचे. आई घरात अंथरुणावर जागी असायची आणि ऐकत असायची. स्टार्टरचा खटका तिला ऐकू यायचा, कारण हिवाळा तो तिच्यापर्यंत आणून पोचवायचा. मग मोटारीचा एकसुरी आवाज. तो चालू असेपर्यंत ती कूस बदलायची, पेंगायची. आवाज मध्येच थांबला की उठून बसायची. "मोटार थांबली का रे?" असं अंधारात विचारायची. लाईट गेली असेल, फ्यूज गेला असेल, पाणी संपलं असेल. तिला ठाऊक होतं की अशा वेळी घरी यायला किती मिनिटं लागतात. ती मिनिटं ती मोजायची.

अँबियंटची व्याख्या काय करतात? लक्ष न देताही चालेल आणि लक्ष दिलं तर त्यात काही सापडेल, असा आवाज. मला विचाराल तर त्या आवाजाइतकं अस्सल अँबियंट मी दुसरं ऐकलं नाही. फरक इतकाच की त्याच्यावर एका माणसाचा जीव टांगलेला होता.

म्हणूनच नॉईज कॅन्सलिंगचं मला विशेष वाटतं. हे तंत्र सगळ्या आवाजांवर सारखं चालत नाही. कुणी ओरडलं, भांडं पडलं, तर ते बऱ्यापैकी आत येतं. ते सगळ्यात हुशारीने पुसतं ते खालच्या पट्टीतले, सलग चालणारे आवाज. विमानाचं इंजिन, एसी, पंखा. आणि अर्थातच लांबवरची मोटार, भट्टी, ट्रॅक्टर. जे आमच्या हिवाळ्याने कोसभर वाहून आणलं, नेमकं तेच कानाच्या दारात मारलं जातं, आणि त्या रिकाम्या जागेत नॉर्वेचा बर्फ भरला जातो. याला योगायोग म्हणा. पण परिणाम एवढाच की गावाकडच्या घरी सुट्टीला आलेल्या पोराला रात्री आपला बाप शेतात आहे, हे ऐकू येत नाही.

यावर तीन उत्तरं मला मिळतात.

पहिलं उत्तर जाणकारांचं. "हे कसलं संगीत? आपल्याकडे रागसंगीत आहे, ऋतूंचे राग आहेत, ते ऐका." ऐकतो. अंबडला दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या ऐन थंडीत, संगीत महोत्सव होतो. गोविंदराव जळगावकरांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. तालुक्याच्या गावी कुडकुडत बसून गाणं ऐकणारा श्रोता आमच्याकडे आहे, त्यामुळे कान नाहीत असं कुणी म्हणू नये. पण रागांकडे नीट बघा. पावसाला मल्हाराचं अख्खं घराणं आहे. वसंताला बसंत आहे, बहार आहे. थंडीला? जुन्या ग्रंथांनी हेमंताला श्री आणि शिशिराला मालकंस वाटून दिला खरा, पण मालकंस आज कुणी थंडीचा म्हणून गात नाही, रात्रीचा म्हणून गातो. हेमंत नावाचा एक राग आहे, तो अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी बांधलेला मानतात, म्हणजे अलीकडचा. परंपरेने थंडीचं खातं जवळपास मोकळं सोडलं आहे. मोकळी जागा म्हणजे काम करायला वाव. आणि सलग चालणाऱ्या सुराची भीती तानपुऱ्याच्या देशातल्या माणसाला कशाला?

दुसरं उत्तर संस्कृतीप्रेमींचं. त्यांना माझं म्हणणं लगेच पटतं आणि ते बासरी काढतात. "मराठवाड्याची पहाट" असं नाव, वासुदेवाची टोपी, घुंगरं, चुलीचा धूर, कोंबडा. यांना मी हात जोडतो. ही दुसरी बर्फाची खिडकीच आहे, फक्त बर्फाच्या जागी माती आली. यातही ट्रॅक्टर नाही, भट्टी नाही, स्टार्टर नाही, राबणारं माणूस तर नाहीच. ऊसतोडीला गेलेल्या घरांची कुलपं नाहीत. जे संगीत रोलिंग मिलला घाबरतं, ते जालन्याचं असू शकत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात खरं आहे, तुमच्यासारख्यांचं. "दादा, मला झोपायचंय. एवढा विचार नको." मान्य. झोपा. परीक्षेचं टेन्शन, खोलीत चार कॉट, खाली रस्ता, सगळं मला माहीत आहे. मी कुणाच्या कानातले इअरफोन ओढून काढत नाही. बर्फाची आवड असणंही गुन्हा नाही. जे आपल्याकडे नाही त्याचं स्वप्न माणूस बघणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की स्वप्न निवडणं वेगळं आणि दुसरं काही मिळतच नाही म्हणून तेच रोज वाट्याला येणं वेगळं. 'हिवाळा' असं शोधल्यावर आमचा हिवाळा सापडलाच नाही, तर निवड कुठे केली?

तो सापडत नाही कारण तो कुणी टाकला नाही. आणि तो टाकायला स्टुडिओ लागत नाही. तुमच्या हातातला फोन पुरे. या डिसेंबरात गावी जाल तेव्हा रात्री गच्चीवर किंवा अंगणात फोन घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, माईकवर पातळ मोजा चढवा म्हणजे वाऱ्याचा फडफडाट येणार नाही, एअरप्लेन मोड लावा आणि वीस मिनिटं बाजूला व्हा. माणसांचं खासगी बोलणं आलं तर ते काढून टाका, विचारल्याशिवाय कुणाचा आवाज वापरू नका. बासरी लावू नका. नाव ईनोसारखं द्या. जागा, महिना, साल. 'दुधनाकाठ, पौष २०२५.' 'एमआयडीसीच्या मागे, मार्गशीर्ष.' नुसतं एवढं झालं तरी खूप आहे.

संगीत करायचं असेल तर तेही इथेच होईल. गावोगावच्या डीजेवाल्या पोरांकडे एफएल स्टुडिओ असतं, लग्नाचे आणि जयंतीचे रिमिक्स ते रात्रीतून करतात. बेस म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको. तेच सॉफ्टवेअर, तेच कान. मोटारीचा सूर चारपट सावकाश करा, त्यावर लांबचा रेल्वेचा भोंगा ठेवा, मध्ये भरपूर मोकळी जागा सोडा. ज्यांना आपण वरातीतला गोंगाट म्हणून नाक मुरडतो, तीच पोरं मराठवाड्याचं पहिलं नीट अँबियंट करतील, असं मला वाटतं.

आणि घाई करायला हवी. शेतीला दिवसा वीज द्यायची म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, शिवारात सौर पंप बसू लागलेत. सूर्यावर चालणारा पंप रात्री चालत नाही. म्हणजे रात्रीच्या मोटारीचा तो सूर एक दिवस बंद पडणार आहे. तो बंद पडलाच पाहिजे. ज्या हिवाळ्यात आमच्या शिवारात रात्री एकही स्टार्टर वाजणार नाही, त्या हिवाळ्यात मी गल्लीत पेढे वाटीन. त्या आवाजाबद्दल मला कसलीही हुरहूर नाही. कुणाचा तरी बाप थंडीत उभा ठेवून मिळणारं संगीत मला नकोय.

पण पुढे कुणी विचारलं की तुमच्याकडे हिवाळ्याच्या रात्री कशा असायच्या, तर त्याला ऐकवायला आपल्याजवळ काय असेल? दहा तास पडणारा बर्फ? निदान वीस मिनिटांची एक फाईल असू द्या, जिच्यात एक मोटार चालू आहे, लांबून रेल्वे जाते आहे आणि घरात कुणीतरी जागं आहे.